कॅथेड्रलमध्ये ऑर्गन शिकायला जायचं, तर तयारी कशाची करायची?

पुण्यातल्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगी १७ वर्षांची आहे, पियानोची आठवी ग्रेड झाली आहे आणि गेलं वर्षभर ती चर्चमध्ये डिजिटल ऑर्गन वाजवते. बारावीनंतर इंग्लंडमधल्या एखाद्या कॅथेड्रलमध्ये वर्षभर ‘ऑर्गन स्कॉलर’, म्हणजे शिकाऊ ऑर्गनिस्ट, म्हणून जायचं तिच्या मनात आहे. ऑडिशनला साधारण सव्वा वर्ष आहे, आणि सध्या ती विडोर या फ्रेंच संगीतकाराच्या पाचव्या सिंफनीतली टोकाटा, म्हणजे वेगवान एकल रचना, रोज दोन तास घासते. एवढ्या वेळात तयारी होईल का, मुलींना घेतात का, खर्चाचं कसं, आणि टोकाटावर ऑडिशन निघेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

मधल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. मुलींना घेतात. सॉल्झबरी कॅथेड्रलने १९९१ मध्ये मुलींचं स्वतंत्र क्वायर (गायकवृंद) सुरू केलं आणि त्यानंतर इंग्लंडमधल्या बहुतेक कॅथेड्रलांनी तीच वाट धरली. ऑर्गनच्या बाकावरही आता मुली आहेत. ऑक्सफर्डच्या मॅग्डालेन कॉलेजच्या पहिल्या स्त्री ऑर्गन स्कॉलर ॲना लॅपवुड पुढे २०१६ मध्ये केंब्रिजच्या पेम्ब्रोक कॉलेजात संगीत संचालक झाल्या. हे दार आता अडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती टोकाटाच्या उल्लेखातून दिसते. तुमच्या मुलीची समजूत अशी दिसते की कॅथेड्रलला उत्तम एकल वादक हवा असतो. कॅथेड्रलला हवा असतो तो साथीदार. आठवड्यातले बहुतेक दिवस संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास इव्हनसाँग, म्हणजे गायलेली सायंप्रार्थना होते. त्या पाऊण तासात ऑर्गन एकटा वाजतो तो सुरुवातीला आणि शेवटी, मिळून आठदहा मिनिटं. मधला सगळा वेळ ऑर्गनिस्टने क्वायरला धरून ठेवायचं असतं: बायबलमधलं स्तोत्र, मग ‘मॅग्निफिकॅट’ आणि ‘नुंक दिमित्तिस’ ही दोन गीतं, मग अँथम म्हणजे क्वायरने गायची रचना, बरेचदा शेवटी सगळ्यांचं गीत. रोज वेगळं स्तोत्र, रोज वेगळी रचना. ऑडिशन घेणारा माणूस मनात एकच प्रश्न घेऊन बसलेला असतो: सप्टेंबरात हिला बुधवारची सेवा, म्हणजे उपासना, वाजवायला दिली, तर मी निश्चिंत राहू शकेन का? टोकाटातून याचं उत्तर मिळत नाही. एका साध्या गीतातून दोन मिनिटांत मिळतं.

पुढे जाण्याआधी शब्दाचा एक घोळ दूर करतो, कारण मराठी घरात ‘ऑर्गन’ म्हटलं की संगीत नाटकातला पायाने भाता मारायचा ऑर्गन डोळ्यासमोर येतो. त्यात हार्मोनियमसारख्या पत्त्या असतात. कॅथेड्रलचा ऑर्गन पाइपांचा असतो. हातांसाठी तीन-चार कीबोर्ड, ज्यांना मॅन्युअल म्हणतात. पायांसाठी ३० किंवा ३२ पट्ट्यांचा पेडलबोर्ड. आणि प्रत्येक नादासाठी वेगळा स्टॉप. स्टॉपवर आकडा लिहिलेला असतो. ८ म्हणजे पियानोच्याच पट्टीत, कारण त्यातला सगळ्यात खालचा सी वाजवणारा पाइप साधारण ८ फुटांचा असतो. १६ म्हणजे एक सप्तक खाली, ४ म्हणजे एक सप्तक वर, २ म्हणजे दोन सप्तकं वर. पेटीवरून आलेल्या मुलांना एक जास्तीचं काम करावं लागतं. त्यांचा डावा हात वर्षानुवर्षं भात्यावर असतो, पट्ट्यांवर नसतो. तुमची मुलगी पियानोवरून येते आहे, तेव्हा तो प्रश्न नाही. तिचा प्रश्न आहे उजव्या पायाचा. पियानोवर सूर जोडून धरायचं काम सस्टेन पेडल करतं. ऑर्गनला ते नाही. बोट उचललं की सूर गेला. त्यामुळे पहिले तीन महिने बोटबदल शिकण्यातच जायला हवेत: पट्टी दाबलेलीच ठेवून तिच्यावर दुसरं बोट आणायचं आणि पहिलं मोकळं करायचं.

आता गीत वाजवण्याकडे येतो. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण बाकीचं सगळं यावर उभं राहतं.

चार आवाजांचं कुठलंही साधं गीत घ्या. उजव्या हातात सोप्रानो आणि आल्टो हे वरचे दोन आवाज, डाव्या हातात फक्त टेनर, पायात सगळ्यात खालचा बास. पियानोवर डावा हात टेनर आणि बास दोन्ही वाजवतो आणि ही सवय मोडायला वेळ लागतो. डाव्या हाताची करंगळी नकळत बासकडे धावते आणि मग बास दोनदा वाजतो, एकदा हाताने, एकदा पायाने. म्हणून क्रम असा ठेवा. आधी नुसता पाय, पायाकडे न बघता. मग पाय आणि डावा हात. इथे सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण दोन्ही खालच्या ओळी मेंदूला एकच वाटतात. ही जोडी बिनचूक झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. मग पाय आणि उजवा हात, मग दोन्ही हात, आणि शेवटी सगळं. क्रॉचेटला (एका ठोक्याच्या सुराला) ६०, म्हणजे मिनिटाला ६० ठोके, या लयीत सुरुवात करा. मेट्रोनोम लावा, पण शेवटच्या दोन फेऱ्या त्याच्याशिवाय.

मग प्रश्न येतो एकाच सुराच्या पुनरावृत्तीचा. सोप्रानोत एकच सूर दोनदा आला, तर तो दोनदा ऐकू आला पाहिजे, नाहीतर लोकांना कुठला शब्द गायचा ते कळत नाही. पहिल्या सुराची लांबी निम्मी करा आणि उरलेला अर्धा भाग शांतता ठेवा. ही शांतता मोजलेली हवी. पट्टी ‘जराशी’ उचलणं पुरत नाही, मोठ्या इमारतीत ते घुमण्यात बुडून जातं. आतल्या आवाजांत, आल्टो आणि टेनरमध्ये, तीच पुनरावृत्ती बांधून ठेवली तरी चालते. उलट तसंच करावं, म्हणजे एक धागा सतत वाजत राहतो आणि वरची उचल स्वच्छ ऐकू येते. बासचं मात्र ऐकून ठरवा. लय ढिली पडते आहे असं वाटलं की बासची पुनरावृत्ती तोडायची.

ओळींच्या मधे लोक श्वास घेतात, म्हणून ऑर्गननेही घ्यायचा. दोन कडव्यांच्या मधली जागा हा तर गीतवादनाचा कणा आहे. ती प्रत्येक वेळी तेवढीच हवी. शेवटचा स्वरसमूह (कॉर्ड) पूर्ण धरा, दोन ठोके शांतता, पुढचं कडवं. पहिल्या कडव्यानंतर दोन ठोके आणि दुसऱ्यानंतर तीन असं झालं की तिसऱ्या कडव्याला अर्धे लोक लवकर सुरू करतात, अर्धे वाट बघतात. गोंधळाचा दोष गाणाऱ्यांना दिला जातो, पण तो बाकावर बसलेल्याचा असतो. सुरुवातीला चालीचा जो तुकडा वाजवून दाखवतात तोसुद्धा खऱ्या लयीतच वाजवायचा, आणि त्याच्या शेवटी रेंगाळायचं नाही. तिथे रेंगाळलात तर पहिल्या कडव्याची लय तुम्हीच बिघडवून ठेवलीत.

आठवड्याला तीन गीतं, असं वर्षभर. पाश्चात्त्य चालींवरची मराठी गीतं तुमच्या चर्चमध्ये गात असतील तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा, चार आवाजांची मूळ प्रत शोधून. पाठ असलेल्या चालीत बोटांची चूक लगेच कानाला टोचते. प्रत्येक गीत मूळ पट्टीत बसलं की अर्ध्या सुराने आणि एका सुराने, वर आणि खाली करून वाजवा. पट्टी बदलणं ऑडिशनमध्ये हमखास येतं. आपल्याकडच्या साथीदारांना पट्टी बदलायची सवय असते, पण ती सरगमच्या आधाराने. इथे चारही आवाज एकदम हलवायचे असतात. त्यामुळे सुरांची नावं बदलत बसण्यापेक्षा स्वरसमूहाचं नातं ओळखा: हा पहिल्यावरचा, हा पाचव्यावरचा, हा चौथ्यावरचा.

दुसरी मोठी गोष्ट स्तोत्रांची. भारतात राहून हिची तयारी करायला वाव कमी, आणि नेमकी हीच गोष्ट नवख्यांना कॅथेड्रलमध्ये पहिल्याच आठवड्यात अडवते. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पद्धतीत स्तोत्राला ‘चांट’ ही छोटी चाल लावतात. एकेरी चांटमध्ये फक्त १० स्वरसमूह असतात, दुहेरीत २०. तेवढ्यावर अख्खं स्तोत्र गायचं. वचनाची पहिली बरीचशी अक्षरं एकाच स्वरसमूहावर बोलल्यासारखी म्हणतात, आणि शेवटची काही पुढच्या स्वरसमूहांवर वाटलेली असतात. कुठलं अक्षर कुठे पडतं ते मजकुरावर खुणा करून दाखवलेलं असतं.

कागदावर चांटमधला पहिला सूर लांब दिसतो, पण त्याला स्वतःची लांबी नसते. ती शब्दांवर ठरते. एका वचनात तिथे दोन अक्षरं, पुढच्यात पंधरा. म्हणून स्वरांकडे बघून स्तोत्र वाजवताच येत नाही. चांट पाठ हवा आणि डोळे शब्दांवर. सराव असा करा. आधी चांट पाठ करा, मग दोन पट्ट्यांत. मग ऑर्गन बंद ठेवून मजकूर मोठ्याने वाचा, वचनाच्या मधल्या विरामाशी नीट थांबत. मग वाचतच वाजवा. वाचताना अडखळलात तर वाजवणं थांबवून पुन्हा वाचन. सुरुवात स्तोत्र २३ ने करा. छोटं आहे आणि शब्द ओळखीचे आहेत. ते जमलं की एक लांब स्तोत्र घ्या. १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत सकाळ-संध्याकाळ वाटलेली आहेत. १५ तारखेच्या संध्याकाळी ७८ वं स्तोत्र येतं, सत्तरहून जास्त वचनांचं. काही ठिकाणी आता त्याचा तुकडाच गातात, पण एवढा पल्ला लक्ष न ढळता पार करता आला पाहिजे.

स्तोत्रात रंगही बदलायचे असतात. मेघगर्जना आली की पायाखालचे १६ फुटी स्टॉप, अश्रू आले की स्वेलमधली, म्हणजे झडपांच्या पेटीत बंद असलेल्या पाइपांमधली, एकच तंतुवाद्यासारखी छटा. हे बदल नेहमी दोन वचनांच्या मधे करायचे. वचन चालू असताना हात स्टॉपकडे गेला की शब्द निसटतो. आणि प्रत्येक शब्दाला चित्र काढायची गरज नसते. एका स्तोत्रात तीन-चार ठळक बदल पुष्कळ झाले. सुरुवातीला दोनच करा आणि ते वेळेवर करा.

आता एक गोष्ट जी डिजिटल ऑर्गनवर कळतच नाही: अंतर. बऱ्याच कॅथेड्रलमध्ये ऑर्गनिस्ट उंचावर बसतो. क्वायर खाली, संचालक कॅमेऱ्यातून छोट्या पडद्यावर दिसतो, आणि पाइप कधी डोक्यावर, कधी समोरच्या भिंतीत. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. क्वायर ३० मीटर लांब असेल तर त्यांचा आवाज तुमच्यापर्यंत यायला सेकंदाचा जवळजवळ अकरावा हिस्सा लागतो. क्रॉचेटला १२० ची लय धरली तर एक ठोका अर्ध्या सेकंदाचा, म्हणजे ठोक्याच्या सहाव्या हिश्शाहून थोडा जास्त उशीर. कानाला क्वायर सतत मागे आहे असं वाटतं. साहजिकच ऑर्गनिस्ट त्यांच्यासाठी थांबतो. मग ते त्याच्यासाठी थांबतात, आणि दोन पानांत रचना चिखलात रुतते. उपाय एकच. पडद्यावरच्या हाताबरोबर वाजवायचं आणि कानाला जे मागे वाटतं ते मागेच राहू द्यायचं. हे पहिल्या दिवशी फार विचित्र वाटतं.

याचा सराव पुण्यातही होतो. कुणाला तरी समोर उभं करून संचालन करायला लावा, त्या व्यक्तीचा व्हिडिओ फोनवर घ्या, आवाज पूर्ण बंद करा आणि नुसता हात बघत गीत वाजवा. त्या व्यक्तीला मधेच लय वाढवायला, थांबायला सांगा. नजर स्वरांवरून पडद्यावर आणि परत, अशी दर मात्रेला फिरली पाहिजे. पानभर वाजवून वर बघणाऱ्या मुलांना इथे अडचण येते, मग त्यांचं बोटांचं तंत्र कितीही चांगलं असो.

साथीच्या रचनांमधून दोन निवडतो. स्टॅनफर्डच्या जी मेजरमधल्या सेवेतला मॅग्निफिकॅट: वर एकट्या सोप्रानोचा आवाज आणि खाली चरख्यासारखे सतत फिरणारे सेमीक्वेव्हर, म्हणजे पाव ठोक्याचे सूर. यात बोटं पट्टीच्या अगदी जवळ ठेवायची, ८ फुटी फ्लूटचा हलका नाद घ्यायचा आणि गाणाऱ्या मुलाने श्वास घेतला की त्याला तेवढी जागा द्यायची. ती जागा सुरांच्या प्रवाहात न दिसता द्यायची असते, ओळीतले शेवटचे दोन-तीन सूर केसभर रुंद करून. दुसरी हर्बर्ट हॉवेल्सची ‘कॉलेजियम रेगाले’, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजसाठी १९४५ मध्ये लिहिलेली. इथे अडचण बोटांची नाही, स्वेल बॉक्सची, म्हणजे त्या झडपांच्या पेटीची आहे. आवाज हळूहळू वाढत जातो आणि उजवा पाय झडपा उघडणाऱ्या स्वेल पेडलवर असताना बास एकट्या डाव्या पायाने सांभाळावा लागतो. आधीच डाव्या पायाच्या खुणा पेन्सिलने लिहून ठेवल्या नाहीत तर प्रत्यक्ष सेवेत पाय गोंधळतात.

इथवरचं एका वाक्यात सांगायचं तर क्रम असा: गीत, स्तोत्र, पडद्याकडे बघत साथ. एकल रचना त्यानंतर. रोजचे दोन तास असतील तर त्यातला सव्वा तास या तिघांना, पंधरा मिनिटं नव्या पानाचं पहिल्या नजरेतलं वाचन, आणि उरलेला अर्धा तास बाख. बाखमध्ये ‘ऑर्गेलब्यूखलाइन’ या संग्रहातल्या छोट्या कोराल-प्रस्तावना, म्हणजे चर्चगीताच्या चालीवर बांधलेल्या रचना, घ्या. एकेका पानाच्या आहेत, पण प्रत्येक आवाज स्वतंत्र चालवायला लावतात. नंतर त्याच्या सहा ट्रायो सोनाटांपैकी एकाचा एक भाग (मूव्हमेंट). दोन हात आणि पाय, तिघांची तीन स्वतंत्र वाक्यं. लपायला जागा नाही, आणि परीक्षकांना तेच ऐकायचं असतं.

पहिल्या नजरेत वाचण्याबद्दल थोडं. कॅथेड्रलमध्ये सोमवारी हातात आलेली रचना मंगळवारी वाजवायची असते. वाचताना चूक झाली तर परत फिरायचं नाही, ही सवय आत्ताच लावा. सूर गाळा, आल्टो गाळा, अख्खा डावा हात गाळा, पण ठोका गाळू नका. बास आणि लय राहिली तर क्वायर गात राहतं. त्याखेरीज चार ओळींवर लिहिलेली क्वायरची प्रत वाचता आली पाहिजे, कारण सरावाला पियानोवर तीच वाजवायची असते. टेनरची ओळ लिहिल्यापेक्षा एक सप्तक खाली वाजते, हे सगळे जण घाईत विसरतात. जुन्या पद्धतीच्या आल्टो आणि टेनर सी-क्लेफचीही (ओळीवर सूर कुठून मोजायचे ते सांगणाऱ्या खुणांचीही) ओळख हवी.

उत्स्फूर्त वादन आपल्याकडच्या मुलांना परकं नसतं, पण इथे त्याचं काम वेगळं. मिरवणूक वेदीपर्यंत पोचली नाही आणि गीत संपलं, अशा वेळी ४० सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत काहीतरी वाजवावं लागतं, आणि ते पुढच्या रचनेच्या पट्टीत येऊन थांबलं पाहिजे. नवीन सूर शोधत बसू नका. नुकत्याच संपलेल्या गीताची शेवटची ओळ घ्या, ती टेनरमध्ये ठेवा, वर साधे स्वरसमूह, आणि वाट बघत पाचव्या सुरावरच्या स्वरसमूहावर रेंगाळा. शेवट कुठे आहे हे माहीत असल्याशिवाय सुरुवात करू नये.

यंत्राचंही थोडं ज्ञान लागतं. स्टॉपांचे गट आधी ठरवून पिस्टन नावाच्या बटणांवर साठवता येतात, आणि अशा साठवणीचे अनेक ‘लेव्हल’ असतात. प्रत्येक ऑर्गनिस्टचे आपापले लेव्हल ठरलेले असतात, आणि नवख्याची सगळ्यात महाग चूक म्हणजे दुसऱ्याच्या लेव्हलवर आपलं साठवणं. बसल्याबसल्या आधी लेव्हलचा आकडा बघायचा आणि तो प्रतीच्या पहिल्या पानावर पेन्सिलने लिहायचा. ध्वनीचा तोल बाकावरून कधीच कळत नाही. स्टॉप ठरवले की सहकाऱ्याला वाजवायला बसवून स्वतः खाली जाऊन ऐकायचं, नाहीतर सभागृहात मध्यावर फोन ठेवून ध्वनिमुद्रण करायचं. बाकावर भरदार वाटणारी साथ खाली बरेचदा शब्द गिळून टाकते.

कधी एखादा सूर पट्टी सोडल्यावरही वाजत राहतो. याला सायफर म्हणतात. घाबरून वाद्य बंद करू नये. तीच पट्टी दोन-तीनदा झटकन दाबून सोडा, बरेचदा सुटतो. नाही सुटला तर मॅन्युअल जोडणारे कपलर काढा, मग एकेक स्टॉप आत ढकला. ज्या स्टॉपला आवाज थांबला, तो सेवा संपेपर्यंत बंदच ठेवा. नंतर ट्यूनरच्या वहीत स्टॉप, सूर आणि तारीख लिहा. थंडी-उन्हाने सूर बदलतात तेही माहीत असू द्या. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की शिट्टीच्या जातीचे पाइप साधारण ३ सेंट (एक सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर चढतात, पत्तीचे पाइप मात्र जवळपास तिथेच राहतात. म्हणून थंड सकाळी दोन्ही जाती एकमेकांशी भांडल्यासारख्या वाटतात. अशा दिवशी पत्तीचे स्टॉप कमी वापरायचे. पाइपला हात लावायचा नाही.

कामाचा दुसरा अर्धा भाग मुलांबरोबरचा. क्वायरमधली मुलं साधारण ८ ते १३ वर्षांची असतात. ऑर्गन स्कॉलरला नव्या मुलांचा सराव घ्यावा लागतो, सुरुवातीचे सूर द्यावे लागतात, कधी संचालनही करावं लागतं. तुमच्या मुलीला आत्तापासून चर्चमधल्या पाच-सहा मुलांना एकेक गीत शिकवू द्या. ऑडिशनमध्ये दहा मिनिटांसाठी क्वायर समोर उभं करतात तेव्हा बरीच मुलं दोन चुका करतात. पूर्ण पान गाऊन घेतात, आणि काय चुकलं ते न सांगता ‘परत एकदा’ म्हणतात. एक जागा निवडा, एक कारण सांगा, तेवढाच तुकडा गाऊन घ्या, सुधारला की तसं म्हणा. मुलांबरोबर काम असल्याने नेमणुकीआधी पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि भारतातून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं. याला वेळ धरून ठेवा.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे, तेही स्पष्ट सांगतो. राहण्याची जागा, थोडं मानधन आणि ऑर्गनचे धडे, असं स्वरूप साधारण सगळीकडे असतं, पण रक्कम आणि तपशील प्रत्येक कॅथेड्रलचे वेगळे. मानधनावर घरी पैसे पाठवता येतील अशी अपेक्षा ठेवू नका. व्हिसाचा प्रश्न सगळ्यात आधी सोडवा. काही जागा विद्यापीठाच्या प्रवेशाला जोडलेल्या असतात, काही स्वतंत्र एका वर्षाच्या असतात, आणि दोन्हींचा मार्ग वेगळा. परदेशी उमेदवाराला घेता येतं का, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा, ऑडिशननंतर नको. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या कॉलेजांत जायचं असेल तर विषयाचा प्रवेशही स्वतंत्रपणे मिळवावा लागतो आणि अर्ज बराच आधी करावा लागतो. श्रद्धेबद्दलही संस्थेनुसार अपेक्षा बदलते, पण उपासनेबद्दल मनापासून आदर सगळीकडे धरलेला असतो. रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सच्या डिप्लोमांच्या तीन पायऱ्या आहेत: सीआरसीओ, एआरसीओ, एफआरसीओ. पहिलीचा अभ्यासक्रम आत्ता घेऊन बसलात तर वर सांगितलेली बरीच कौशल्यं त्यात क्रमाने येतात. परीक्षा दिलीच पाहिजे असं नाही.

सरावाच्या वाद्याचं: पेडलबोर्ड पूर्ण ३० किंवा ३२ पट्ट्यांचा असलेला डिजिटल ऑर्गन रोजच्या कामाला पुरतो. पण ऑडिशनआधी खऱ्या पाइपांवर काही तास बसलंच पाहिजे, कारण पट्टी दाबणं आणि आवाज येणं यातला फरक स्पीकरवर कळत नाही. मुंबईत सेंट थॉमस कॅथेड्रल, होली नेम कॅथेड्रल आणि कुलाब्याचं अफगाण चर्च इथे पाइप ऑर्गन आहेत. सध्या कुठला वाजण्याच्या स्थितीत आहे आणि परवानगी कोण देतं, याची चौकशी करून जा. बूट मात्र आजच घ्या. पातळ चामड्याचा तळ, दोन-अडीच सेंटिमीटरची टाच, पावलापेक्षा रुंद नाही. रबरी तळ पट्टीवर अडकतो, अनवाणी पायाला बुटाची उंच टाच नसल्याने पाऊल फिरवता येत नाही. चांगला चांभार हे बनवून देतो. ते बूट रस्त्यावर घालू नका, तळाला चिकटलेली वाळू पट्ट्या खरवडते.

ऑडिशनच्या दिवशी अनोळखी ऑर्गनवर बहुधा अर्धा तास मिळतो. तो आपली रचना पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवण्यात घालवू नये. पहिली पाच मिनिटं बाकाची उंची: दोन्ही टाचा पट्ट्यांवर अलगद टेकल्या पाहिजेत, गुडघे वर यायला नकोत. मग क्रेसेंडो पेडल, म्हणजे पायाने एकेक करत सगळे स्टॉप चालू करणारा पेडल, पूर्ण बंद आहे ना ते बघा. तो थोडा उघडा राहिला तर काढलेले नसलेले स्टॉपही वाजतात आणि कारण शोधूनही सापडत नाही. त्यानंतर दहा मिनिटं चार-पाच नाद ठरवून पिस्टनवर साठवा: गीतासाठी एक, स्तोत्रासाठी एक हळू आणि एक भरदार, रचनांसाठी उरलेले. उरलेल्या वेळात फक्त अवघड वळणं, आणि एक गीत पूर्ण, कारण इमारत किती घुमते ते गीतातच कळतं. जास्त घुमत असेल तर लय न सोडता सूर थोडे आखूड करा.

आणि टोकाटा. ती सोडून द्यायची नाही, पण ऑडिशनला नेऊ नका. ती सगळेच नेतात, आणि त्यातून परीक्षकाला फक्त मनगट किती टिकतं ते समजतं. ऑडिशनला बाखची एक रचना, आणि तिच्याहून वेगळ्या काळातली एक, जी तुमच्या मुलीला ताप असतानाही स्वच्छ वाजवता येईल. टोकाटा रोजचे दोन तास संपल्यावर वरची दहा मिनिटं वाजवू द्या, निम्म्या लयीत. कॅथेड्रलमध्ये जागा मिळाली तर एखाद्या मोठ्या सणाच्या सेवेनंतर ती वाजवायची वेळ येईलच, आणि तोवर ती हातात बसलेली असेल.